चलनबाजार आणि दुधीची भाजी

गेल्या महिन्यात एके दुपारी प्रस्तुत प्रतिनिधीच्या भ्रमणध्वनीवर एका गृहस्थांचा फोन आला. बोलणे आर्जवी, भाषा शुद्ध मराठी. 'डॉलर वर चालला आहे, हे तर तुम्ही रोज छापता. मग त्यातून चार पैसे का मिळवत नाही? फक्त पाच हजार रुपये भरा, त्यावर पाचशे पट उलाढालीची सोय आम्ही करून देतो.' कंपनी परदेशातील होती. रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे का, असे विचारताच 'आम्हाला तिची गरज लागत नाही' असे उत्तर मिळाले. संभाषण तेथेच संपले. मात्र असे फोन शहरातील अनेक निवृत्तांना, गृहिणींना आणि नुकतीच नोकरी लागलेल्या तरुणांना येत असतात आणि सर्वच संभाषणे इतक्या लवकर संपत नाहीत.

पाचशे पट म्हणजे काय, याचा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. पाच हजार रुपयांवर पंचवीस लाखांचा सौदा. सौदा ०.२ टक्के उलटला की पाच हजार संपले. डॉलर ९० रुपयांना आहे असे धरले, तर हे ०.२ टक्के म्हणजे अवघे १८ पैसे. रुपया-डॉलरचा दर एखाद्या सामान्य दिवशी चहा पिऊन होईपर्यंत एवढा हलू शकतो.

तरीही या व्यवहाराचे आकर्षण समजण्यासारखे आहे. ऑगस्ट २००८ मध्ये डॉलर ४४ रुपयांच्या आसपास होता आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. दिशा इतकी उघड दिसत असताना चूक कशी होईल, असा प्रश्न नवख्याच्या मनात येतो. त्याला इतिहासातच उत्तर आहे. २८ ऑगस्ट २०१३ रोजी डॉलर ६८ रुपये ८० पैशांच्या पुढे गेला होता. 'आता सत्तरी, मग पंचाहत्तरी' अशी चर्चा तेव्हा रेल्वेच्या डब्यातही चालू होती. मे २०१४ मध्ये तोच डॉलर ५९ रुपयांच्या खाली मिळत होता. ज्यांनी घबराटीत महाग डॉलर घेतला, त्यांना नऊ महिन्यांत दर डॉलरमागे दहा रुपयांची झळ बसली. सतरा वर्षांची दिशा बरोबर ओळखणारा माणूसही उसनवारीच्या सौद्यात नऊ महिने तग धरू शकत नाही, ही या बाजाराची खरी अडचण आहे.

फोडणीतला डॉलर

विनिमय दर म्हणजे केवळ परदेशी सहलीचा किंवा शेअर बाजाराचा विषय, असा एक समज आहे. तो दूर करण्यासाठी घरातील दुधी भोपळ्याची साधी भाजी पुरेशी आहे. दुधी नाशिक-पुण्याच्या शिवारातला, त्याचे पैसे रुपयांत. चणाडाळही बहुतांश देशी. परंतु कढईत प्रथम पडते ते तेल. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात होते. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया आणि युक्रेनमधून येते. हिंगाची कथा तर आणखी रंजक. चिमूटभर हिंगाशिवाय मराठी फोडणी पुरी होत नाही, पण त्याचा मूळ चीक प्रामुख्याने अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून येतो. हिंगाची रोपे भारतात रुजवण्याचा प्रयोग हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात २०२० मध्ये सुरू झाला. कढईखालचा गॅसही निम्म्याहून अधिक आयातीचा आणि त्याचा मूळ भाव डॉलरमध्ये ठरणारा.

समजा, आयात तेलाचा भाव टनाला १,२०० डॉलर आहे. डॉलर ८५ रुपयांना असताना ते किलोला १०२ रुपये पडेल, ९० रुपयांना असताना १०८. म्हणजे डॉलर पाच रुपयांनी महागला, तर कर व वाहतूक धरण्यापूर्वी किलोमागे सहा रुपयांचा फरक. मात्र दुकानातील भाव एवढ्यावरच ठरत नाही. मे २०२५ च्या अखेरीस केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरील एकूण परिणामी आयात शुल्क २७.५ टक्क्यांवरून १६.५ टक्क्यांवर आणले. वरच्या उदाहरणात या अकरा टक्क्यांची किंमत किलोमागे सुमारे बारा रुपये होते, रुपयाच्या घसरणीच्या दुप्पट. चलनाच्या हालचालीवर पैज लावणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की, दराची दिशा अचूक ओळखूनही त्याचा परिणाम ओळखता येईलच असे नाही.

सौदा कसा होतो

आपल्याकडे चलनाचे वायदे अधिकृतपणे सुरू झाले ते २९ ऑगस्ट २००८ रोजी, राष्ट्रीय शेअर बाजारात. प्रारंभी केवळ डॉलर-रुपया, पुढे २०१० मध्ये युरो, पौंड आणि येन यांची भर पडली. डॉलरचा एक करार एक हजार डॉलरचा असतो. भाव कमीत कमी पाव पैशाने हलतो, म्हणजे एका करारात अडीच रुपयांनी. करारपूर्तीच्या दिवशी कोणी डॉलरच्या नोटा आणून देत नाही. केवळ भावातील फरक रुपयांत चुकता होतो.

एका कराराचे मूल्य ९० रुपये दराने ९० हजार रुपये झाले, तरी तेवढी रक्कम भरावी लागत नाही. त्याचा लहानसा हिस्सा 'मार्जिन' म्हणून ठेवावा लागतो. तो तीन टक्के धरला तर २,७०० रुपये. डॉलर ५० पैशांनी हलला की या २,७०० रुपयांवर ५०० रुपयांचा नफा किंवा तोटा. अठरा टक्क्यांहून अधिक, तेही अधिकृत बाजारात. फोनवरील गृहस्थांची पाचशे पट सोय याच्यापुढे ठेवून पाहिली म्हणजे तिचे रूप स्पष्ट होते.

हा बाजार कोणासाठी?

नवख्यांसाठी लिहिल्या जाणाऱ्या मार्गदर्शनात बहुधा गाळली जाते ती बाब येथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. रुपयाचा समावेश असलेले चलन वायदे हे जोखमीवर आवरण घालण्यासाठी आहेत, अशी रिझर्व्ह बँकेची भूमिका आहे. २०१४ मध्ये बँकेने ठरावीक मर्यादेपर्यंत कागदपत्रे दाखवण्याची अट शिथिल केली. या सवलतीचा अर्थ अनेकांनी 'आता कोणीही यावे' असा घेतला आणि दशकभर हौशी सट्टेबाजांची गर्दी राहिली. ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने बँकेने खुलासा केला. दहा कोटी डॉलरपर्यंतच्या सौद्यांसाठी पुरावा सादर करण्याची गरज नाही, परंतु मूळ जोखीम प्रत्यक्षात असलीच पाहिजे. ती करारबद्ध असावी आणि तिच्यावर अन्यत्र आवरण घेतलेले नसावे. एप्रिलमध्ये लागू होणारी ही तरतूद ३ मे २०२४ पर्यंत पुढे ढकलण्यात आली. दलालांनी ग्राहकांकडून तशी हमीपत्रे मागण्यास सुरुवात केली आणि बाजारातील उलाढाल कमालीची आटली.

भाजीच्या तेलात डॉलर आहे म्हणून गृहिणीला वायदा घेता येईल काय? नाही. तिने तेल रुपयांत घेतले आहे. डॉलरची करारबद्ध देणी आयातदाराची आहेत. दराची झळ सर्वांना बसते, पण कायद्याच्या दृष्टीने जोखीम ठरावीक लोकांचीच असते. हा भेद अनेकांना अन्यायाचा वाटेल. प्रस्तुत प्रतिनिधीला मात्र तो हितकारक वाटतो, कारण त्यामुळे सौदा करण्यापूर्वी 'मी नेमके कशाचे रक्षण करतो आहे' हा प्रश्न प्रत्येकाला स्वतःला विचारावा लागतो.

ज्यांच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर आहे, अशा एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. मुलगी अमेरिकेत शिकते आणि तीन महिन्यांनी तिचे १२ हजार डॉलर शुल्क भरायचे आहे. आज डॉलर ९० रुपये. वडिलांनी बारा करार खरेदी केले. तीन महिन्यांनी डॉलर ९२ झाला, तर बँकेत २४ हजार रुपये जास्त मोजावे लागतील, परंतु वायद्यात साधारण तेवढेच मिळतील. डॉलर ८८ झाला तर उलटे होईल. बँकेत २४ हजार वाचतील, वायद्यात तेवढे जातील. दोन्ही परिस्थितींत शुल्क सुमारे १० लाख ८० हजारांतच पडले. नफा झाला नाही आणि तो करायचाही नव्हता.

हे गणित सरळ दिसते, पण त्यात दोन खाचा आहेत. पहिली किरकोळ : पुढील महिन्यांच्या वायद्याचा भाव आजच्या भावापेक्षा सहसा थोडा चढा असतो, कारण आपल्याकडील व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त असतात. शिवाय दलाली आणि कर आहेतच. दुसरी खाच गंभीर आहे. वायद्यातील तोटा रोजच्या रोज चुकता करावा लागतो, बँकेतील बचत मात्र तीन महिन्यांनी दिसते. डॉलर ८६ पर्यंत उतरला, तर बारा करारांवर ४८ हजार रुपये आधीच खात्यातून गेलेले असतील, जेव्हा मार्जिन म्हणून ठेवलेली मूळ रक्कम जेमतेम ३२,४०० रुपये होती. वडिलांजवळ मधल्या काळासाठी राखीव रोकड नसेल, तर दलाल सौदा बंद करील. तोटा पदरात पडेल आणि पुढे डॉलर पुन्हा चढला तर त्याचे आवरणही उरणार नाही. एवढी शिल्लक बाजूला ठेवता येत नसेल तर वायद्याच्या वाटेला जाऊ नये. शुल्काचे डॉलर दोन-तीन टप्प्यांत घेणे किंवा आपल्या बँकेशी मुदतीच्या दराबद्दल बोलणे बरे. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ऑगस्ट २०१९ पासून 'एफएक्स-रिटेल' ही सुविधा सुरू केली आहे. तिच्याद्वारे सामान्य ग्राहकालाही आपल्या बँकेमार्फत बाजारातील दराने डॉलर घेता येतो. शाखेतील फलकावरचा दर मुकाट्याने मान्य करण्यापूर्वी तिची चौकशी जरूर करावी.

ज्यांची अशी कोणतीही देणी नाहीत, केवळ कुतूहल आहे, त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे दोनशे पानी वही. रोज सायंकाळी बंद भाव लिहावा, काल्पनिक एका कराराचा नफा-तोटा मांडावा आणि दर का हलला असावा, हे एका ओळीत नोंदवावे. तीन महिन्यांनी या ओळी वाचून पाहाव्यात. आपली किती कारणे खरी ठरली, हे पाहून बहुतेकांचा उत्साह योग्य प्रमाणात उरतो.

परदेशी संकेतस्थळांबाबत मात्र कुतूहलही नको. परदेशातील कंपनीकडे चलन सौद्यांचे मार्जिन पाठवण्यास उदारीकृत प्रेषण योजनेतही मुभा नाही. वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, याचा अर्थ ते कोठेही पाठवता येतात असा नव्हे. 'फेमा' कायद्याखाली उल्लंघनाच्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो फसवल्या गेलेल्या ग्राहकालाच होऊ शकतो. रिझर्व्ह बँकेने ७ सप्टेंबर २०२२ रोजी अनधिकृत संस्थांची ३४ नावांची सावधगिरीची यादी जाहीर केली आणि पुढे तीत भर घातली. यादीत नाव नाही म्हणून संस्था अधिकृत ठरत नाही, हे बँकेनेच स्पष्ट केले आहे. पैसे गेलेच असतील, तर संकोच न करता तातडीने १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. विलंब झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

पाच वाजल्यानंतर

डॉलर-रुपयाचे वायदे सायंकाळी पाचला बंद होतात. वहीतील नोंद झाली की स्वयंपाकघरात जाण्यास हरकत नाही. अर्धी वाटी चणाडाळ तीनच्या सुमारास भिजत घातलेली असावी. अर्धा किलो कोवळा दुधी घ्यावा. साल काढण्यापूर्वी त्याची एक लहान चकती कच्ची चाखून पाहावी. ती कडू लागली तर पूर्ण दुधी टाकून द्यावा, त्यात साखर-गूळ घालून निभावून नेऊ नये. कडू दुधीच्या रसाने विषबाधा झाल्याच्या घटनांनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही हाच सल्ला दिला होता. वीस रुपयांच्या दुधीचा मोह कशाला?

कढईत दोन चमचे तेल तापवून मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आणि दोन हिरव्या मिरच्यांची फोडणी करावी. निथळलेली डाळ त्यात दोन मिनिटे परतावी. मग दुधीच्या फोडी घालून हलवावे आणि वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओतावे. कढईत पाणी घालण्याची घाई करू नये, दुधीला स्वतःचेच पुष्कळ सुटते. आच मंदच असावी. मोठ्या आचेवर दुधीचा लगदा होतो आणि डाळ कच्ची राहते. वीस-पंचवीस मिनिटांत डाळ बोटाने दाबली जाऊ लागली, की मीठ, चमचाभर गोडा मसाला आणि सुपारीएवढा गूळ घालावा. फारच कोरडे वाटले तर झाकणावरचे गरम पाणी थोडे आत सोडावे. पाच मिनिटांनी गॅस बंद करून ओले खोबरे आणि कोथिंबीर पसरावी. भाजी लगेच वाढू नये, दहा मिनिटे झाकून मुरू द्यावी. ज्वारीची भाकरी तेवढ्या वेळात होते.