गाडीच्या खिडकीतून सोलापूर दिसत नाही

या मालिकेत आपण आजवर बहुतेक वेळा सरहद्दीवरच्या, डोंगरातल्या गावांविषयी बोललो. आज मी माझ्या स्वतःच्या गावाविषयी बोलणार आहे. सोलापूर.

फौजेत असताना दर नव्या युनिटमध्ये पहिल्या आठवड्यात हा संवाद ठरलेला असायचा. "घर कहाँ है, साहब?" "सोलापूर." "अच्छा, चादरवाला सोलापूर!" आणि संवाद तिथंच संपायचा. पंजाबातल्या माणसाला, मणिपुरातल्या माणसाला आमची चादर माहीत. ती चादर विणणारं गाव कसं आहे, हे मराठी माणसालासुद्धा माहीत नसतं. निवृत्त झाल्यावर मी पुण्यात फ्लॅट न घेता सोलापुरात राहायला आलो, तेव्हा बरोबरीच्या लोकांनी तीन गोष्टी ऐकवल्या: तिथं पाणी नाही, काम नाही आणि बघण्यासारखं काही नाही. त्यांना मेसमध्ये जी उत्तरं दिली, तीच आज सविस्तर तुम्हाला देतो.

आधी नकाशा उघडा

आम्हाला शिकवलेलं असतं की कुठल्याही ठिकाणाबद्दल मत बनवण्याआधी जमीन आणि वाटा बघाव्यात. सोलापूरचं सगळं भाग्य आणि दुर्भाग्य त्याच्या वाटांमध्ये आहे.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1860 मध्ये सोलापूरला पोचला. आज मुंबई-चेन्नई आणि मुंबई-हैदराबाद या दोन्ही मार्गांवरच्या कितीतरी गाड्या इथून जातात. पुणे-हैदराबाद महामार्ग इथून जातो, आणि धुळ्याकडून विजापूरकडे जाणारा रस्ताही इथंच त्याला छेदतो. पश्चिमेला पंढरपूर, उत्तरेला तुळजापूर, आग्नेयेला अक्कलकोट. म्हणजे विठोबा, भवानी आणि स्वामी समर्थ या तिघांच्या मधोमध हे शहर बसलं आहे.

त्यामुळे होतं काय, की लाखो माणसं सोलापूरवरून जातात आणि फारच थोडी सोलापुरात येतात. भाविक स्टेशनवर उतरतो, रिक्षा करून एसटी स्टँड गाठतो आणि तुळजापूरची गाडी पकडतो. हैदराबादला जाणारा बायपासवर चहा पितो. मे महिन्यातली दुपार असली तर पारा त्रेचाळीसच्या पुढं असतो, आणि स्टेशनच्या मागची धूळ तेवढी डोळ्यांत जाते. गाडीच्या खिडकीतून पाहून झालेलं हे मत मग घरोघर पोचतं.

चार भाषांचं गाव

गाडीतून उतरून जरा आत या. पूर्व भागात, म्हणजे कन्ना चौक, अशोक चौकाकडे गेलात तर कानावर तेलुगू पडेल. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पिढ्यान् पिढ्या इथं राहतात. चादर आणि टॉवेल यांच्यामागे मुख्यतः त्यांचे हात आहेत. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. बाळीवेशीत व्यापारी कन्नडमध्ये हिशेब करतो आणि गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही माध्यमांच्या शाळा या एका शहरात भरतात.

शहराचं ग्रामदैवत सिद्धेश्वर. बाराव्या शतकातल्या या शिवयोग्यानं तलाव खोदवला, शहराभोवती 68 लिंगं स्थापली आणि कन्नडमध्ये वचनं रचली. संक्रांतीच्या दिवसांत त्यांची गड्ड्याची यात्रा भरते. सात नंदीध्वज निघतात आणि एकेका काठीचा मान वेगवेगळ्या समाजांकडे असतो. पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक त्या उंच काठ्या तोलत चालतात. भाषा आणि जातींच्या भांडणावर उपाय शोधणाऱ्यांनी ही मिरवणूक एकदा डोळ्यांनी बघावी. बेळगाव, हैदराबाद, बंगळूरकडच्या मराठी वाचकांना मी काय म्हणतोय ते चटकन कळेल. तुम्ही रोज जे जगता, ते सोलापूर कित्येक पिढ्या जगत आलं आहे.

मे 1930

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. लष्करी कायदा म्हणजे काय, तो कधी लागू होतो, हे प्रत्येक अधिकाऱ्याला अभ्यासावं लागतं. जालियनवाला बागेच्या वेळचा पंजाब, 1921 चा मलबार ही उदाहरणं सगळ्यांना ठाऊक असतात. त्याच यादीत 1930 चं सोलापूर आहे.

मिठाच्या सत्याग्रहात 5 मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. 8 मे रोजी गोळीबार झाला. त्यानंतर सरकारी यंत्रणेनं शहरातून माघार घेतली आणि 9 ते 11 मे असे तीन दिवस शहराचा कारभार लोकांच्या हाती होता. 12 मे रोजी लष्करी कायदा जारी झाला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला फाशी दिलं गेलं. ही चार नावं पुन्हा एकदा वाचा, म्हणजे वर सांगितलेलं चार भाषांचं गाव त्यांच्यात दिसेल. आज हुतात्मा चौकात चौघांचे पुतळे आहेत.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसही इथलेच. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते आणि 1942 मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं. सोलापुरातलं त्यांचं घर आता स्मारक आहे. बघण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांनी निदान या दोन जागा तरी बघाव्यात. त्याशिवाय भुईकोट किल्ला आहेच.

भोंगा थांबला तेव्हा

आता कामाचा आक्षेप. माझे वडील गिरणी कामगार. आमच्या लहानपणी घरात घड्याळ एकच होतं आणि त्याची फारशी गरजही नव्हती. गिरणीचा भोंगा झाला की आई चूल पेटवायची, दुसरा भोंगा झाला की आम्ही शाळेला निघायचो. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्यांवर सगळं शहर उभं होतं.

यातल्या जुन्या गिरणीची गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या कारणानं माहीत असते. 1949 मध्ये ती बंद पडली. सरकारनं 1950 च्या जानेवारीत वटहुकूम काढून तिचा ताबा घेतला आणि मग तेवढ्या एका कंपनीसाठी स्वतंत्र कायदा केला. एका भागधारकानं तो सर्वोच्च न्यायालयात नेला. एकाच कंपनीसाठी केलेला कायदा समानतेच्या हक्कात बसतो का, हा प्रश्न होता. बहुमतानं 'बसू शकतो' असा निकाल 1950 मध्येच लागला. पुढे 1953 मध्ये दुसऱ्या एका खटल्यात, मोबदला न देता ताबा घेतल्याच्या कारणावरून, त्याच न्यायालयानं तो कायदा रद्द ठरवला. असे निकाल 1955 च्या चौथ्या घटनादुरुस्तीला कारणीभूत ठरले. सोलापूरच्या एका गिरणीनं देशाच्या राज्यघटनेवर असा ठसा उमटवला आहे.

पण निकालांनी साचे चालत नाहीत. एकामागून एक गिरण्या बंद झाल्या. गिरणी गेली की फक्त पगार जात नाही. त्या पगारावर चालणारी खानावळ, सायकलचं दुकान, भिशी, तालीम असं सगळंच आकसतं. आमच्या पिढीतले अनेक जण तेव्हाच पुण्या-मुंबईकडे गेले. 'सोलापूर संपलं' हे वाक्य त्याच काळातलं आहे, आणि माणसं आजही तेच वाक्य घेऊन फिरतात.

संपलं का? काम मोठ्या फाटकाआडून निघून घराघरांत आणि छोट्या शेडमध्ये गेलं. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमाग चालतात आणि टॉवेल परदेशी जातात. गेल्या काही वर्षांत शाळांचे आणि कंपन्यांचे गणवेश शिवण्याचा धंदा इथं चांगला वाढला. शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकणाऱ्या बायकांचे बचत गट आहेत. विड्या वळणाऱ्या हजारो बायकांची मजुरी मात्र आजही कमी आहे, आणि शिकलेल्या मुलांना हवी तशी नोकरी इथं सहज मिळत नाही. ही उणीव खरी आहे. 'कामच नाही' ही मात्र अतिशयोक्ती आहे.

हद्दवाढ

आता वस्त्यांकडे येऊ. सोलापूर समजून घ्यायचं तर एक शब्द पाठ करा: हद्दवाढ. 1992 मध्ये आजूबाजूची गावं महापालिकेत घेतली गेली आणि शहराचं क्षेत्र एकदम पाचपटीहून जास्त वाढलं. क्षेत्र वाढलं, पण तिजोरी तेवढी वाढली नाही. नव्या भागात रस्ते, गटार, नळ यांचं जाळं शून्यापासून टाकायचं होतं, तेही गिरण्या बंद पडत असताना. हद्दवाढ भागाची जी दुर्दशा वर्षानुवर्षं ऐकू आली, तिचं मूळ या हिशेबात आहे. सोलापूरकर आळशी म्हणून ती झाली नाही.

सुटीवर यायचो तेव्हा विजापूर रोडच्या बाजूचं जुळे सोलापूर म्हणजे काळ्या मातीतले प्लॉट होते. पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन चालावं लागे. आज तिथं शाळा आहेत, दवाखाने आहेत, बागा आहेत आणि संध्याकाळी फिरायला निघालेली कुटुंबं आहेत. शेळगी, मजरेवाडी, बाळे हे भागही हळूहळू सुधारताहेत. कुठं रस्ता आला पण गटार राहिलं, कुठं उलटं, हे खरं आहे. पण दिशा चुकलेली नाही.

मला सर्वांत जास्त मोलाची वाटते ती शहराबाहेरची कुंभारी. तिथं विडी कामगार बायकांनी संघटित होऊन 10 हजार घरांची वसाहत उभी केली. तिला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरं दिली गेली. त्याच कुंभारीत पुढे 30 हजार घरांचं रे नगर आलं. त्यातली पहिली 15 हजार घरं 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे अशा लोकांची ही घरं. सरकारं वेगवेगळ्या पक्षांची होती, पण पाठपुरावा त्याच कामगारांचा होता. आठ बाय दहाच्या खोलीत तीन पिढ्या राहणाऱ्या बाईच्या नावावर पक्कं घर होणं, याला मी शहर सुधारणं म्हणतो. कारंजी नंतर.

कारंजीही आली म्हणा. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत सोलापूरची निवड झाली. रस्ते आधी खणले गेले, लोकांनी भरपूर शिव्या घातल्या, पण सिद्धेश्वर तलावाचा परिसर नीटनेटका झाला. 2023 मध्ये मुंबईहून वंदे भारत आली आणि जून 2025 मध्ये गोव्याला विमान सुरू झालं.

पाण्याचं खरं दुखणं

तीन आक्षेपांपैकी पाण्याचा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. चार-पाच दिवसांआड पाणी ही सोलापूरची वर्षानुवर्षांची व्यथा आहे. नळाला पाणी येण्याच्या रात्री घरातलं एक माणूस जागं असतं. ते माणूस बहुधा बाई असते.

याचं कारण नीट समजून घ्या. उजनी धरण शंभरेक किलोमीटरवर आहे. तिथून एक पाणी नळातून येतं. दुसरं भीमेच्या पात्रातून सोडून दक्षिणेच्या औज बंधाऱ्यात अडवतात आणि तिथून उचलतात. नदीतून येणारं पाणी वाटेत जमिनीत मुरतं, उन्हानं उडतं आणि पंपांनी उपसलं जातं, म्हणून धरणातून भरपूर सोडूनही शहराच्या हाती थोडं लागतं. समांतर जलवाहिनीचा आग्रह त्यासाठीच होता. पण मोठा नळ शहराच्या वेशीपर्यंतच पाणी आणतो. पुढच्या टाक्या, जुनी गळकी वाहिनी आणि मीटर यांचं काम झालं नाही, तर वेळापत्रक बदलणार नाही. फौजेत याला शेवटच्या मैलाची रसद म्हणतात. दारूगोळा डेपोत पोचून उपयोग नसतो, तो चौकीवर पोचावा लागतो. प्रत्येक सोलापूरकरानं आपल्या नगरसेवकाला हाच एक प्रश्न विचारत राहावं.

बाहेरच्या सोलापूरकरांना

तुमच्यापैकी अनेक जण पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात असाल. तिथल्या जेवणाच्या टेबलावर आपल्या गावाची थट्टा करायला मजा येते. मीही ऐकली आहे. पण तुमच्या शेजारी बसलेला माणूस कदाचित कारखाना कुठं काढावा याचा विचार करत असतो, किंवा तुमचीच पुतणी सोलापूरच्या कॉलेजात शिकवायला जावं की नको, हे ठरवत असते. गावच्या माणसानंच गावाला नाव ठेवलं की परका दुसऱ्याला विचारायला जात नाही.

आणि जे सोलापूरचे नाहीत त्यांना एक साधी विनंती. पुढच्या वेळी तुळजापूर-अक्कलकोट कराल तेव्हा मधली एक रात्र इथं राहा. सकाळी किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव, दुपारी कोटणीस स्मारक, संध्याकाळी पूर्व भागात एखादा माग चालताना बघा. मालकाला विचारलंत तर तो आत बोलावतो आणि चहा पाजतो. चादर तिथूनच घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. मे महिन्यात येऊ नका, तेव्हा आम्हीसुद्धा बाहेर पडत नाही.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.