बग कळवा, सातबारा नको

समजा, वणी तालुक्यातल्या राजूरमधल्या एखाद्या झेरॉक्स सेंटरवर लिबरऑफिसमध्ये एक जोडाक्षर फुटतंय. बग कळवायला गिऱ्हाइकाचा खराखुरा अर्ज जोडला, की त्याचं नाव, गट नंबर, मोबाइल सगळं जगजाहीर. लिबरऑफिसचे बग जिथे नोंदवतात, त्या बगझिलावर जोडलेली फाइल कुणीही उतरवू शकतं. नेहमीचा सल्ला असतो, की सगळी अक्षरं ‘एक्स’ करून टाका. मराठीत तो कुचकामी, कारण त्यासोबत जोडाक्षर जातं आणि बगही! त्यापेक्षा नव्या फायलीत तेच जोडाक्षर, तोच फॉन्ट आणि बनावट नाव घालून बग पुन्हा दिसतो का, ते पाहा. मग ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन लेखकाचं नाव पुसा.

स्क्रीनशॉट कापूनच द्या, खालच्या पट्टीत व्हॉट्सॲप डोकावतं. लॉगमध्ये होम फोल्डरच्या वाटेनं तुमचं नाव येतं, तेही बदला. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पाला बग ईमेलनं जातो आणि पत्ता उघड राहतो. त्यासाठी वेगळा ईमेल बरा. फायरफॉक्सच्या क्रॅश अहवालात उघड्या पानाचा पत्ता पाठवण्याची खूण काढता येते.

सुरक्षेतली फट मात्र चारचौघांत सांगू नका. प्रकल्पाच्या सुरक्षा पत्त्यावर खासगीत कळवा.