तेझेच्या टेकडीवरील तरुण

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, क्लुनीच्या इतिहासप्रसिद्ध मठापासून थोड्याच अंतरावर, तेझे नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे ना समुद्रकिनारा आहे, ना करमणुकीची साधने. तरीही दर उन्हाळ्यात युरोपभरचे हजारो तरुण-तरुणी पाठीवर बोजा टाकून या टेकडीवर येतात, तंबूत किंवा साध्या बराकीत आठवडाभर राहतात, दिवसातून तीन वेळा घंटा होताच प्रार्थनेला बसतात आणि मधल्या वेळात भांडी घासतात. ज्या खंडातील चर्चची बाके वर्षानुवर्षे रिकामी होत चालली आहेत, तेथे हे घडावे याचे नवल वाटणे साहजिक आहे. त्या नवलाचा उलगडा प्रार्थनेइतकाच त्या भांड्यांतही शोधावा लागतो.

१९४० च्या ऑगस्टमध्ये रॉजर शुट्झ हा पंचवीस वर्षांचा स्विस प्रॉटेस्टंट युवक येथे आला, तेव्हा फ्रान्सचा पाडाव नुकताच झाला होता. जर्मनव्याप्त आणि अव्याप्त फ्रान्सला विभागणारी रेषा जवळूनच जात होती. त्याने घर घेतले आणि ज्यूंसह अनेक निर्वासितांना तेथे आसरा दिला. १९४२ साली त्याला हे काम सोडून जिनिव्हात राहणे भाग पडले. १९४४ मध्ये तो परतला आणि पुढे त्याच घराचे दार जवळच्या छावण्यांतील जर्मन युद्धकैद्यांसाठी उघडले गेले. कालपर्यंत ज्यांच्यापासून माणसे लपवायची, त्यांनाच आज पानावर बसवायचे, ही गोष्ट त्या पंचक्रोशीला सहज मानवली असेल असे नाही. १९४९ च्या ईस्टरला सात बांधवांनी आजन्म व्रत घेतले आणि समुदाय उभा राहिला. पुढे त्यात कॅथलिकही आले. हा समुदाय स्वतःसाठी देणग्या घेत नाही. मातीची भांडी घडवून आणि अशाच श्रमांवर तो जगतो.

तेझेच्या टेकडीवरील मोठे मंदिर तरुणांनीच उभारले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. १९५८ साली जर्मनीत ‘प्रायश्चित्त-चिन्ह’ अशा अर्थाचे नाव घेतलेली एक चळवळ सुरू झाली. नाझी राजवटीने ज्या देशांना छळले, त्या देशांत जर्मन तरुणांनी जावे आणि स्वतःच्या हातांनी काही उभारून द्यावे, अशी तिची कल्पना होती. या चळवळीतील तरुण तेझेला आले आणि त्यांच्या श्रमांतून उभारलेले ‘समेटाचे मंदिर’ १९६२ च्या ऑगस्टमध्ये खुले झाले. युद्ध पेटले तेव्हा ही मुले अजाण होती. वडिलांच्या पिढीने जे केले त्याचे आपण काय करायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता, आणि कितीही व्याख्याने झोडली तरी तो सुटणारा नव्हता. काँक्रीट कालवताना तो सुटला असेही म्हणता येणार नाही. पण त्याला हात घालता आला. हे मंदिर भलतेच मोठे आहे असे प्रारंभी वाटे. १९७१ च्या ईस्टरला गर्दी मावेना, तेव्हा त्याची दर्शनी भिंतच पाडून पुढे तंबू जोडावा लागला.

येथील प्रार्थनेत प्रवचनाचा भडिमार नसतो. लहान लहान ओळी वेगवेगळ्या भाषांत पुनःपुन्हा गायल्या जातात आणि मध्येच कित्येक मिनिटांची शांतता येते. सतराव्या वर्षी असे स्वस्थ बसणे सोपे नसते. सकाळी एखादे बांधव बायबलमधील उताऱ्यावर थोडे बोलतात. मग पोलंडची मुलगी, पोर्तुगालचा मुलगा असे गट मोडक्यातोडक्या इंग्रजीत तास-दोन तास चर्चा करतात. यानंतर काम. कोणी वाढपी होतो, कोणी संडास धुतो, कोणी मोठाली पातेली घासतो. पगारी नोकरांचा ताफा येथे नाही. काही स्वयंसेवक महिनोन् महिने राहतात आणि विशीतल्या एखाद्या मुलीवर शेकडो माणसांच्या जेवणाची जबाबदारी येऊन पडते. बाबा आमटे यांनी १९६७ साली सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिची आठवण मराठी वाचकाला येथे व्हावी. दोन्हीकडे उपदेश कमी आणि काम अधिक असते.

धार्मिक शिबिराचा दुसरा एक प्रकार प्रसिद्ध आहे. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती भावना उचंबळवायच्या आणि कोवळ्या मुलांकडून आयुष्यभराचे संकल्प वदवून घ्यायचे! असा आवेश घरी पोचेपर्यंत ओसरतो, आणि तो ओसरला याची अपराधी रुखरुख मात्र मागे राहते. तेझेने आपली सदस्यसंख्या वाढवणारी चळवळ कधी उभारली नाही. आलेल्यांनी परत जावे आणि आपापल्या गावी, आपापल्या चर्चमध्ये काम करावे, हाच आग्रह राहिला. १९७८ पासून वर्षअखेरीस एखाद्या युरोपीय शहरात मेळावा भरतो. १९८९ च्या डिसेंबरात, पूर्व युरोपातील राजवटी कोसळत असताना, तो पोलंडमधील व्रोत्सवाफ येथे भरला. आपल्याकडे मद्रासनेही १९८५ साली असा मेळावा पाहिला. तरीही परतणाऱ्याची अडचण खरीच आहे. गावच्या चर्चमध्ये पहिल्या रविवारी भेटतात ती मोजकी वृद्ध माणसे आणि तेच जुने भांडण. कित्येकांना मग टेकडीचाच ध्यास लागतो. दर उन्हाळ्यात तेथे जायचे आणि वर्षभर घरी काहीच करायचे नाही, हा पलायनाचा मार्गही तेझेनेच खुला केला, हे नाकारता येत नाही.

याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. तेझेच्या मेळाव्यांना ‘विश्वासाची यात्रा’ म्हणतात. २०१९ च्या जूनमध्ये तत्कालीन प्रमुख ब्रदर अलोइस यांनी एक निवेदन प्रसिद्ध केले. समुदायातील काही बांधवांनी १९५० ते १९८० च्या दशकांत लैंगिक अत्याचार केल्याच्या तक्रारी त्यांनी उघड केल्या व सरकारी वकिलांना कळविल्या. ब्रदर रॉजर यांची १६ ऑगस्ट २००५ रोजी सायंप्रार्थनेत, तरुणांच्या देखत, एका मनोरुग्ण स्त्रीने हत्या केली होती. त्या आघाताने जगाची सहानुभूती तेझेला लाभली. २०१९ च्या आघातात दोष घरचाच होता. जेथे तरुण मन निःशंकपणे उघडे होते तेथेच ते सर्वांत असुरक्षित असते, आणि पीडितांना इतकी दशके गप्प राहावे लागले याचे उत्तर एका निवेदनाने मिळत नाही. तक्रारीसाठी स्वतंत्र व्यवस्था हवी, ती तरुणांना पहिल्याच दिवशी ठाऊक हवी, आणि ज्याच्याकडे मन मोकळे करायचे त्याच्यावरही कोणाची तरी नजर हवी. हे तेझेला लागू आहे तसेच मुलांना घरापासून दूर नेणाऱ्या प्रत्येक शिबिराला, मग ते कोणत्याही धर्माचे वा पक्षाचे असो.

मुले येतच आहेत. आठवडा रविवारी संपतो. सकाळच्या प्रार्थनेनंतर बसगाड्या एका तुकडीला घेऊन जातात आणि संध्याकाळपर्यंत दुसरी तुकडी उतरते. तिच्यासाठी पातेली तोवर घासून ठेवलेली असतात.