गोलावरचा दोरा आणि आकाशातला वारा

थोरल्या कन्येचे पहिले बाळंतपण सॅन फ्रान्सिस्कोला व्हायचे होते आणि आमच्या सौभाग्यवतींनी तेथे जाण्याचा निश्चय केला. त्यांना मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई, आणि फार वेळ बसले की पाय सुजणार. इंदूरच्या आमच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, “दिल्लीहून सलग किती तास बसावे लागेल?”

भूगोल शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला हा प्रश्न किरकोळ वाटावा. शाळेतल्या भिंतीवरील जगाच्या नकाशाला मी पट्टी लावली, प्रमाणाने गुणाकार केला आणि हजारो किलोमीटरांनी चुकलो! सपाट नकाशा उत्तरेकडचे प्रदेश ताणून दाखवतो, हे मुलांना दरवर्षी सांगणारा मीच. अखेर कपाटातला पृथ्वीचा गोल काढला आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला. दोरा पूर्वेला गेलाच नाही. तो हिमालय ओलांडून सैबेरियावरून उत्तर ध्रुवसमुद्रात शिरला व अलास्कावरून खाली उतरला. अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. ताशी ९०० च्या वेगाने पावणेचौदा तास.

परंतु विमान दोऱ्यावरून जात नाही. केबिनमधील हवेचा दाब अचानक घटला, तर वैमानिकाला विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणावे लागते. तिबेटच्या पठारावर तर जमीनच त्याहून उंच आहे. शिवाय नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे प्रचंड झोत वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरांच्याही वर जातो.

या वाऱ्याचा प्रताप पाहावा तो ऑक्टोबर २०१६ मध्ये. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जात असे; ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची. त्या महिन्यात ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून गेले. वाट १,४०० किलोमीटरांनी लांबली, १५,३०० झाली. तरी प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास लवकर आटोपला. भागाकार करून पाहावा: ताशी सरासरी १,०५५ किलोमीटर! पृथ्वी फिरते म्हणून वेळ वाचतो, असे मात्र कोणी समजू नये. हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते.

त्यात तारखेची गंमत निराळीच. १६ तारखेच्या पहाटे निघालेले प्रवासी वाररेषा ओलांडून १५ तारखेत गेले आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा १६ तारखेत येऊन सकाळी उतरले. पंचांगवाल्यांनी अशा प्रवाशाला कोणती तिथी सांगावी?

डॉक्टरांना या गमतीचे कौतुक नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेबारा तास, हिवाळ्यात साडेतेरा. तेथले ‘सकाळचे आठ’ पाहून सुई घेतली, तर दोन सुयांतले अंतर बिघडणार. म्हणून त्यांनी घड्याळातली वेळ न लिहिता मागच्या सुईपासूनचे तास लिहून दिले, आणि दर दोन तासांनी उठून चालायला सांगितले. तिकिटावर सोळा तासांच्या आसपासचा आकडा होता.

सौभाग्यवतींनी तो कागद पदराच्या गाठीला बांधून नेला. उतरल्यावर फोन आला, तेव्हा मी अंतराविषयी विचारू लागलो, पलीकडून उत्तर आले, “अकरा वेळा उठले. पायाची सूज थोडीच आहे. आणि अहो, इथे आज कोणता वार?”