आठ लाखांचा तह करणारा माल्कम

दुसऱ्या बाजीरावाला वर्षाला आठ लाख रुपये कबूल करून गादीवरचा हक्क सोडायला लावणारा इंग्रज, एवढीच जॉन माल्कमची आपल्याकडे ओळख उरली आहे. हाच माणूस पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि तिथून पार्लमेंटात गेला. त्याचा शिपाईपणा वेगळा आणि राजकारण वेगळे असे मानायचा प्रघात आहे, पण तो मला पटत नाही. जुनी घराणी राखावीत, त्यांचा मान सांभाळावा आणि त्यांच्या आडून सत्ता चालवावी, ही एकच धारणा त्याने माळव्यात, पुण्यात आणि लंडनमध्ये चालवली. तो उदार होता की धूर्त हा वाद जुनाच आहे. त्याच्या औदार्याचा लाभ कोणाच्या पदरात पडला, हे तपासणे अधिक गरजेचे आहे.

माल्कमचा जन्म १७६९ सालचा, स्कॉटलंडमधल्या सतरा भावंडांच्या शेतकरी घरातला. हैदर अली समोर आला तर काय करशील, या ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या प्रश्नावर, तलवार उपसून डोके उडवीन, असे बारा वर्षांच्या या पोराने सांगितल्याची गोष्ट त्याचे चरित्रकार आवडीने देतात. प्रत्यक्षात तलवारीपेक्षा त्याची फारसी अधिक कामी आली. कंपनीचा वकील म्हणून तो इराणच्या दरबारी गेला. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांवर चाल करून जाणाराही तोच आणि पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह ठरवणाराही तोच.

जून १८१८ मध्ये बाजीराव त्याच्या स्वाधीन झाला, तेव्हा आठ लाखांचा आकडा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जलाही जास्त वाटला. माल्कमचे म्हणणे असे, की अशीरगड जवळ आहे, बाजीरावाजवळ अजून फौज आहे आणि पाठलाग लांबला तर खर्च याहून वाढेल. बाजीराव १८५१ पर्यंत जगला आणि कंपनीला अडीच कोटींच्या वर मोजावे लागले, म्हणून तिचा तोटाच झाला, असा आक्षेप घेता येतो. पण पेशव्यांच्या मुलखाचा महसूल या नेमणुकीच्या कितीतरी पट होता आणि तो कायमचा कंपनीकडे गेला. नेमणूक मात्र एका माणसाच्या हयातीपुरतीच धरली गेली. पुढचा गव्हर्नर जनरल डलहौसी याने ती बाजीरावाचे दत्तक पुत्र नानासाहेब यांना नाकारली, तेव्हा कंपनीचा हिशेब उघडा पडला. माल्कमला इथल्या जुन्या घराण्यांविषयी आदर होता, हे मात्र खोटे नाही. माळव्यात लोकांकडून विचारून घेतलेल्या माहितीवर त्याने अहिल्याबाई होळकरांच्या कारभाराची जी स्तुती लिहिली, ती मनापासूनची आहे. पण तो आदर राज्यकर्त्यांच्या गुणांचा होता. त्यातून रयतेचा हक्क निघत नव्हता.

गव्हर्नर असताना हे स्पष्ट दिसले. बोरघाटाचा गाडीरस्ता आणि महाबळेश्वरची माल्कम पेठ ही त्याच्या कारकिर्दीची देणगी, आणि ती मोलाची आहे. पण पुण्याचे सरदार पांडुरंगराव ढमढेरे यांच्या ताब्यातल्या मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाला हजर करा, असे मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने फर्मावले, तेव्हा माल्कमने ते बजावू दिले नाही. सरदारांना दिलेले वचन मोडेल, ही त्याची भीती. न्यायमूर्ती ग्रँट यांनी १८२९ मध्ये कोर्टच बंद ठेवले. प्रिव्ही कौन्सिलने कौल सरकारच्या बाजूने दिला. अधिकाराच्या हद्दीपुरते माल्कमचे बरोबर ठरलेही असेल. तरी त्या भांडणात पोराच्या सुटकेपेक्षा सरदाराचा मान जड ठरला, हे विसरून चालत नाही.

१८३१ मध्ये तो लॉन्सेस्टनमधून पार्लमेंटात निवडून आला. हा नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकच्या मुठीतला मतदारसंघ, म्हणजे मोजक्या मतदारांनी ड्यूकच्या मर्जीने माणूस पाठवायचा. मतदारसंघांच्या सुधारणेचे विधेयक आले तेव्हा त्याने कडवा विरोध केला. अशा छोट्या जागा गेल्या तर हिंदुस्थान जाणणारी माणसे सभागृहात येणारच नाहीत, असे त्याने मांडले. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता, पण हिंदुस्थानातल्या कोणालाही त्या जागांवर मत नव्हते. १८३२ मध्ये कायदा झाला, लॉन्सेस्टनच्या दोन जागांपैकी एक गेली आणि माल्कम सभागृहाबाहेर पडला. पुढच्याच वर्षी, कंपनीच्या नव्या सनदेवर पार्लमेंटात निर्णय व्हायच्या आधीच, तो वारला.