दोन गोळ्या घेतल्या तर

गेरहार्ड लेव्ही १९५८ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकवायला आले, तेव्हा ते तिशीत होते. जन्म जर्मनीतला. नाझी राजवटीतून निसटून कुटुंब शांघायला गेलं आणि १९४८ मध्ये ते अमेरिकेत पोचले. कॅलिफोर्नियात त्यांनी फार्म. डी. केलं.

नव्या नोकरीत त्यांनी हाती घेतली ती घराघरातली ॲस्पिरिन. ४०० मिलिलिटरच्या चंचुपात्रात २५० मिलिलिटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, तापमान शरीराइतकं, आणि मिनिटाला ५९ फेरे घेणारा छोटा पंखा. त्यात गोळी टाकायची आणि ती किती वेगानं विरघळते ते मोजायचं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेष्टनावर सारखीच मात्रा छापलेल्या गोळ्यांचा वेग वेगवेगळा निघाला. १९६१ च्या शोधनिबंधात त्यांनी दाखवलं, की पात्रात जी गोळी लवकर विरघळते तिचं औषध माणसाच्या शरीरातही लवकर शोषलं जातं. इतक्या साध्या मांडणीतून इतकं कामाचं उत्तर काढणं, ही मोठ्या संशोधकाचीच नजर.

पुढचा प्रश्न रुग्णाच्या जास्त जवळचा होता: औषधाचा परिणाम टिकतो किती वेळ? बहुतेक औषधांचं रक्तातलं प्रमाण ठरावीक वेळानं निम्मं होतं. त्या वेळेला अर्धायुष्य म्हणतात. समजा ते चार तास आहे आणि एका गोळीचा गुण सहा तास राहतो. मग दोन गोळ्यांचा किती? बारा नव्हे, दहाच. दुप्पट मात्रा निम्मी व्हायला चार तास लागतात आणि तिथून पुढे एका गोळीचाच हिशेब सुरू होतो. म्हणजे दुसऱ्या गोळीनं फक्त एक अर्धायुष्य पदरात पडतं. औषधाचं प्रमाण आणि त्याचा परिणाम यांच्यातलं हे नातं लेव्हींनी १९६६ मध्ये गणितात बसवलं.

ॲस्पिरिनपासून शरीरात तयार होणारं सॅलिसिलेट मात्र या हिशेबाला जुमानत नाही. यकृत त्याला ग्लायसीन जोडून बाहेर टाकण्याजोगं करतं, पण त्या कामाची कुवत मर्यादित असते. रेशनच्या दुकानात एकच वजनकाटा असावा तसं: चार गिऱ्हाइकं झटपट निघतात, चाळीस आली की रांग हलत नाही. थोड्या मात्रेत सॅलिसिलेटचं अर्धायुष्य दोन-तीन तासांचं असतं. विषबाधेच्या मात्रेत ते वीस तासांच्या आसपास जातं. लेव्हींनी लघवीतून बाहेर पडणारं औषध मोजून हे १९६५ मध्ये मांडलं.

त्या काळात अमेरिकेत लहान मुलांना ॲस्पिरिनची विषबाधा वारंवार होत असे. कधी मूल बाटलीच तोंडाला लावी, तर कधी तापलेल्या मुलाला घरचीच माणसं काळजीपोटी पुन्हा पुन्हा औषध देत. आधीची मात्रा अजून रांगेत असताना पुढची येऊन मागे उभी राहते आणि रक्तातलं प्रमाण चढत जातं, हे त्या आईबापांना कळायला मार्ग नव्हता. १९७२ पासून तिथं ॲस्पिरिनच्या बाटल्यांना मुलांना सहज उघडता येणार नाहीत अशी झाकणं सक्तीची झाली.