काटा शून्यावर, पण लाइन रिकामी नाही

“गेज झिरोवर आहे, खोला फ्लँज.” जहाजाच्या इंजिनरूममध्ये नव्याने उतरलेल्या मुलांकडून हे वाक्य मी सतत ऐकतो. (फ्लँज म्हणजे दोन पाइपांचा नट-बोल्टने आवळलेला सांधा.) रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातून दर वर्षी कितीतरी मुलं जी. पी. रेटिंग किंवा इंजिन कॅडेट म्हणून जहाजावर चढतात. कष्टाळू असतात, पाइपलाइनचे नकाशे भराभर पाठ करतात. तरीही हा एक गैरसमज त्यांच्या डोक्यातून जात नाही, कारण अनेक वर्षं जहाजावर काढलेली काही माणसंच तो त्यांना शिकवतात. त्याचा संताप येतो. या वाक्यामुळे माणसं भाजतात, जखमी होतात, मरतात.

गैरसमज : गेज शून्य दाखवतंय, म्हणजे लाइनमध्ये प्रेशर नाही.

वस्तुस्थिती : गेज स्वतःच्या नळीत पोहोचलेलं प्रेशर दाखवतं. लाइनमध्ये इतरत्र काय आहे, हे त्याला कळत नाही.

जहाजावरची बहुतेक प्रेशर गेज आजही युजीन बूर्दाँ या फ्रेंच अभियंत्याने 1849 मध्ये पेटंट घेतलेल्या तत्त्वावर चालतात. डायलच्या मागे अर्धगोल वाकवलेली, चपटी धातूची नळी असते. तिचं एक टोक लाइनला जोडलेलं, दुसरं बंद. जत्रेतली गुंडाळलेली कागदी पिपाणी फुंकली की सरळ होते, तशी ही नळी प्रेशर वाढलं की किंचित सरळ होते. टोकाची ती हालचाल दांडी आणि दातेरी चाकांमार्फत काट्यापर्यंत जाते. यंत्र साधं आहे, भरवशाचंही आहे. पण काटा शून्यावर असण्याची कारणं अनेक असतात, आणि ‘लाइन रिकामी आहे’ हे त्यांपैकी फक्त एक.

पहिलं कारण गेजच्या तोंडाशीच असतं. तिथला छोटा कॉक बंद असेल किंवा बारीक जोडनळी चोंदलेली असेल, तर लाइनचं प्रेशर गेजपर्यंत पोहोचतच नाही. हेवी फ्युएल ऑइल थंड झालं की घट्ट होतं आणि अशा नळीत बुचासारखं बसतं. समुद्राच्या पाण्याच्या लाइनमध्ये गंज आणि शिंपल्यांचा चुरा हेच काम करतात.

दुसरं कारण जागेचं. गेज पंपाजवळ असतं आणि तुम्ही फ्लँज खोलणार असता दोन व्हॉल्व्ह पलीकडे. मधे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर पंप थांबल्यावर पंपाकडचं प्रेशर उतरतं, पलीकडचं तसंच अडकून राहतं. मुख्य इंजिनाच्या स्टार्टिंग एअरची लाइन साधारण 30 बारची असते. तिच्या एखाद्या तुकड्यात अडकलेली हवा फ्लँज सैल होताच स्फोटासारखी बाहेर येते.

तिसरं कारण उंचीचं, आणि हे सर्वांत कमी शिकवलं जातं. समुद्राच्या पाण्याचा दर 10 मीटर उंचीचा स्तंभ सुमारे 1 बार प्रेशर देतो. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या सी-सक्शनचा स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, जलरेषेच्या 7 मीटर खाली असेल आणि समुद्राकडचा व्हॉल्व्ह नीट बसलेला नसेल, तर झाकणाखाली 0.7 बार प्रेशर असतं. झाकण 400 मिलिमीटर व्यासाचं धरलं, तर त्यावर आतून सुमारे 900 किलोचा जोर असतो. त्याच लाइनचं गेज पाण्याने भरलेल्या नळीतून वर, जलरेषेच्या पातळीवर आणून बसवलं असेल, तर ते प्रामाणिकपणे शून्य दाखवेल! गेज बिघडलेलं नाही. ते जिथे आहे, तिथे प्रेशर खरोखरच शून्य आहे.

चौथं कारण अचूकतेचं. कोणी म्हणेल, काटा थोडा तरी हलेल की. ‘ईएन 837-1’ हे गेजचं युरोपीय मानक वाचावं. त्यातल्या 1.6 वर्गाच्या गेजला पूर्ण मापकक्षेच्या 1.6 टक्के चूक माफ असते. 25 बारच्या गेजसाठी ती 0.4 बार होते. 200 मिलिमीटर व्यासाच्या पाइपच्या तोंडावर 0.4 बार म्हणजे सुमारे 128 किलोचा जोर. काट्याने दाखवला नाही तरी मानकाच्या दृष्टीने गेज ठीकच ठरेल. त्यात अनेक गेजमध्ये शून्यावर एक खिळा असतो आणि काटा त्याला टेकून बसतो. आतली यंत्रणा बिघडून काटा खरं तर शून्याच्या खाली जाऊ पाहत असला, तरी डोळ्यांना शून्यच दिसतं.

शेवटची गोष्ट वाफेची. 7 बारच्या संपृक्त वाफेचं तापमान सुमारे 170 अंश सेल्सिअस असतं. गेज शून्यावर येतं तेव्हा आतलं प्रेशर बाहेरच्या हवेइतकं झालेलं असतं, एवढंच. लाइनच्या खोलगट भागात साचलेलं पाणी तेव्हाही 100 अंशांच्या आसपास असू शकतं. शून्य प्रेशरचं पाणीही कातडी सोलून काढतं.

“मग गेज लावलंय कशाला?” हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. गेज यंत्र चालवण्यासाठी आहे. फ्लँज खोलण्याचा परवाना म्हणून ते तिथे लावलेलं नाही. लाइन रिकामी झाल्याची खात्री पुढच्या क्रमाने होते. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा, कोणी ते फिरवू नये म्हणून बांधा किंवा कुलूप लावा, आणि पाटी अडकवा. पंपाचा वीजपुरवठा तोडा. वरचा व्हेंट आणि खालचा ड्रेन, दोन्ही उघडा. ड्रेनमधून काही येत नसेल तर तार घालून तो चोंदलेला नाही ना, ते पाहा. प्रवाह थांबल्यावर थोडं थांबा. तो पुन्हा सुरू झाला तर एखादा व्हॉल्व्ह गळतोय. त्यानंतरच नट सैल करा, आणि तेही आपल्यापासून दूरच्या बाजूचे आधी. जवळचे नट धरून ठेवायचे, म्हणजे आत काही उरलं असेल तर ते तोंडावर न येता पलीकडे जाईल. सांधा सुटून आतलं सगळं निघून जाईपर्यंत एकही नट पूर्ण काढायचा नाही.

आता इतर गैरसमज, थोडक्यात.

“गेट व्हॉल्व्ह अर्धा उघडून प्रवाह कमी करता येतो.” करता येतो, पण अर्धवट उघड्या पाचरीला आणि तिच्या सीटला प्रवाह झिजवतो आणि पुढे तो व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. नियंत्रणासाठी ग्लोब व्हॉल्व्ह असतो.

“गळतोय? मोठी व्हील की लावून आवळा.” त्याने स्पिंडल वाकतो आणि सीट खराब होते. बहुतेकदा सीटवर कचरा अडकलेला असतो. व्हॉल्व्ह किंचित उघडून तो वाहून जाऊ द्या, मग बंद करा.

“चाक उघडलं म्हणजे व्हॉल्व्ह उघडला.” बिल्ज लाइनवरच्या स्क्रू-डाउन नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये चाक फिरवल्याने चकती फक्त मोकळी होते. तिला उचलतो तो प्रवाह.

“प्रेशर भरपूर, म्हणजे पाणी भरपूर.” नेहमीच्या सेंट्रिफ्यूगल पंपाचा डिस्चार्ज पूर्ण बंद केला की गेजवर प्रेशर चढतं आणि पाणी शून्य जातं. गिअर किंवा स्क्रू पंप तर डिस्चार्ज बंद ठेवून चालवायचाच नसतो. त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह चालला नाही, तर पंप किंवा पाइप फुटतो.

“रंग बघून लाइनमध्ये काय आहे ते कळतं.” जहाजांसाठीच्या ‘आयएसओ 14726’ मानकात समुद्राच्या पाण्याला हिरवा, गोड्या पाण्याला निळा, इंधनाला तपकिरी रंग आहे. पण प्रत्येक जहाज त्याप्रमाणे रंगवलेलं असतंच असं नाही. लाइन हाताने शेवटपर्यंत शोधत जा.

“नट सारखे दिसतात, म्हणजे चालतील.” 30 ऑक्टोबर 1990 रोजी ‘इवो जिमा’ या अमेरिकी युद्धनौकेवर बहारीनमध्ये दुरुस्त केलेल्या मुख्य वाफेच्या व्हॉल्व्हचं झाकण उडालं आणि 10 नौसैनिक मेले. पोलादी नटांच्या जागी काळा लेप दिलेले पितळी नट बसवले गेले होते.

“मूलभूत गोष्टी नंतर शिकता येतात.” 15 फेब्रुवारी 1982 रोजी न्यूफाउंडलंडजवळ ‘ओशन रेंजर’ हा तेलविहीर खोदणारा तराफा वादळात बुडाला, त्यावरचे सर्व 84 जण गेले. फुटलेल्या खिडकीतून आलेल्या पाण्याने बॅलास्ट व्हॉल्व्हच्या नियंत्रण पॅनेलमध्ये बिघाड झाला होता. ही यंत्रणा चालवणाऱ्यांना तिची पुरेशी माहिती आणि प्रशिक्षण नव्हतं, असा निष्कर्ष कॅनडाच्या चौकशी आयोगाने काढला.

जहाजावर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि त्याला शिकवणाऱ्या प्रत्येकाला एकच विनंती. व्हेंट आणि ड्रेन उघडे असल्याचं आणि प्रवाह थांबल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फ्लँजला पाना लावू नका. सेकंड इंजिनिअर घाई करत असला तरी नका. “सर, ड्रेन अजून बघितला नाही,” असं सांगणारा मुलगा भित्रा नसतो. त्याला काम कळलेलं असतं.